कठड्यावरून

स्वप्न ओळखलं की ते आपल्या ताब्यात येतं, अगदी उडतासुद्धा येतं, असं बायकोने पुस्तकात वाचलं होतं. कालच्या भांडणावर उतारा म्हणून नवऱ्याने तीस वर्षांत प्रथमच चहा करून तिला गॅलरीत नेऊन दिला. कप बघताच ती हसली आणि चौथ्या मजल्याच्या कठड्यावर चढली.

"अगं, उतर! स्वप्न नाही हे!"

"चहा तुम्ही केलात. स्वप्नच."

"माझं चुकलं! पाया पडतो तुझ्या!"

"आता तर खात्रीच पटली," म्हणत तिने हात पसरले.

 मग नवरा एकदम खेकसला, "माझा निळा शर्ट कुठे कोंबलायस? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

तिचं हसू मावळलं. "म्हणजे जागीच आहे मी," असं पुटपुटत ती खाली उतरली आणि शर्ट शोधायला गेली.