अहो

“अहो, उठता का?” सूनबाई लॅपटॉपला म्हणाली.

वर्षभर खपून तिनं बनवलेलं सॉफ्टवेअर दहा मिनिटांत ग्राहकांना दाखवायचं होतं, आणि सकाळच्या अपडेटनंतर पडदा काळाठिक्कर. आमचे चिरंजीव स्वयंपाकघरातून धावत आले.

“मला हाक मारलीस?”

“तुला कशाला अहो म्हणू?”

तिनं वायरी काढल्या, झाकण मिटलं, उघडलं आणि तितक्याच गोडीनं पुन्हा म्हणाली, “अहो…” मी एव्हाना तो डबा खिडकीबाहेर फेकला असता.

पडदा उजळला. ग्राहकांनी काम जागच्या जागी पसंत केलं.

“छळतो तरी एवढा मान देतेस त्याला?” मी कौतुकानं विचारलं.

“बाबा, तोंडात शिवी येते. ती गिळून अहो म्हणते.”

मटार सोलणारी आमची ही मान वर न करता म्हणाली, “मीसुद्धा.”