निम्मे आकडे

वामनकाकांनी एटीएमवर पिनचे पहिले दोन आकडे दाबले आणि ते सुगंधाकाकूची वाट पाहत थांबले. भांडून दोन गावांत राहणाऱ्या नवराबायकोचा करारच तसा होता: निम्मे आकडे काकांचे, निम्मे काकूचे. पेन्शनच्या दिवशी तेवढीच भेट.

तिचे आकडे काकांना केव्हाच पाठ झाले होते, पण बोट पुढं जाईना. "काका, आटपा की!" रांग ओरडली. खोटं वाटेल, पण एरवी अर्ध्या मिनिटात कार्ड बाहेर ढकलणारं यंत्र मंद गुणगुणत तासभर थांबलं. रांगेला उभ्याउभ्या गोड डुलकी लागली.

अखेर काकू धापा टाकत आली. "एसटी चुकली. पण इतक्या वर्षांत माझे दोन आकडे कळले नाहीत होय तुम्हाला?"

"कळले असते तर तू कशाला आली असतीस?"