समोरून

नितेशच्या वहीत आता सात टीव्ही उरले होते. आरंभी एकोणीस होते. प्रत्येकापुढे पडदा, रंग, आवाज असे रकाने आखून तो अमरावतीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत रोज सायंकाळी लोकांचे अभिप्राय ताडून पाहत असे.

टीव्ही आईसाठी होता. मनकर्णाबाई बावीस वर्षे अकोल्याच्या जठारपेठेत, कडुनिंबाखाली भाजीची गाडी लावत आल्या होत्या. गुडघ्यांमुळे दसऱ्यानंतर गाडी बंद व्हायची होती. घरात टीव्ही कधी नव्हताच; दिवसभर घरी असायचे कोण? आता त्या असणार होत्या. आयुष्यभर बाजाराचा कालवा ऐकलेले ते कान रिकाम्या घरात काय ऐकतील, हा विचार नितेशला झोंबत असे.

बहुतेक अभिप्राय एकाच साच्यातले होते. 'मस्त', 'एकच नंबर', पाच तारे. केवळ जठारपेठेतल्या एका दुकानाच्या पानावर 'समोरून' या नावाने कुणी निराळेच लिहीत होते. विरामचिन्ह एकही नाही. मजकूर फोनमध्ये बोलून उतरवलेला असावा.

'हा टीव्ही चार वाजताच्या उन्हात पांढरा पडते बाजूचा पडत नाही'

'यात हिरवा अन हिरवा येगळा दिसते बाकीच्यात सारा एकच'

'मागच्या उन्हाळ्यात चांगला वाटला दिवाळीपर्यंत मानसाचे चेहरे लाल करून टाकले'

नितेश भारावून गेला. एका पडद्याकडे दोन ऋतू कोण पाहत राहतो? त्याने मनोमन चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक कल्पिले. नावही त्याला शोभून दिसले. जे सांगायचे ते समोरून, तोंडावर.

मात्र आवाजाविषयी कुठेही शब्द नव्हता. तो रकाना कोराच राहिला. शेवटी त्याने संकोचत विचारले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'जे आयकलं नाही ते मी लिवत नाही'.

ते वाक्य त्याने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले.

रविवारी तो अकोल्याला आला. मनकर्णाबाई गवार निवडत होत्या.

"दोन महिने झाले, वही घेऊन बसला. टीव्ही पाहून राहिला का पोरगी?"

"माय, हे आइक तं." त्याने सगळे अभिप्राय वाचून दाखवले. "किती बारीक नजर हाये. रिटायर मास्तर असन कोनी."

"मास्तर?" मनकर्णाबाईंनी मान खाली घातली. एक शेंग मोडली. "असन बापा. खोटा तं नाही वाटत."

"मंग त्यानं सांगितला तोच घेऊ?"

"घे. मले काय समजते त्यातलं."

सायंकाळी तो त्या दुकानात शिरताच मागे काचेचे दार मिटले आणि रस्त्यावरचे भोंगे एकाएकी नाहीसे झाले. काचेशी रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या टीव्हींच्या पलीकडे, कडुनिंबाखाली आई कुणाला तरी कोथिंबीर देत होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते.

"सारे 'समोरून'चंच वाचून येते, साहेब," विक्रेता स्वप्निल म्हणाला. "मानूस कोन, आमालेबी मालूम नाही. दुकानात तं कधी आला नाही."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही भिंतीवर लागला. नितेशने बातम्या लावल्या आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिले.

मनकर्णाबाई क्षणभर ऐकत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

"ही बातम्यावाली एवढी घोगरी बोलते होय?"

त्यांनी फडताळावरचा फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "थांब जरा. आता आवाजाचंबी लिवता येईन."