दयेची गिऱ्हाइकं

मास्तर खुर्चीत बसले, मानेभोवती कापड बांधून झालं, तरी रेडिओच्या तोंडून अवाक्षर निघेना. एरवी कात्रीच्या आधी त्याची जीभ सुरू व्हायची. म्हणून तर या सलूनवाल्याचं नाव रेडिओ पडलं होतं. पण हल्ली श्वास मोजकाच, आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे. बोलायला गेलं की हात थांबायचा, हात चालला की जीभ.

"जुन्या सिगारेटींची देणगी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड झाल्यात, आखडल्यात. त्यांतून रक्त ढकलताना हृदय मेटाकुटीला येतंय. प्रेशर वाढलंय."

"माझं? ते तर ठणठणीत आहे!" त्याने दंड पुढे केला होता.

"दंडाचं वेगळं, फुप्फुसाचं वेगळं. ऑक्सिजनची नळी लावा, दुकानातसुद्धा. हृदयावरचा भार हलका होईल."

घरी तो मुकाट नळी लावायचा. दुकानात मात्र नाव काढू द्यायचा नाही. चारी भिंतींना आरसे. कुठेही बघावं तर नाकात नळी घातलेला आपणच. शिवाय गिऱ्हाइकं कीव करणार, आणि कीव त्याला मरणाहून नकोशी. ती सुरू झालीच आहे, याची तर त्याला खात्रीच होती. तो गप्प झाल्यापासून दुकानात गर्दी मावेना. पलीकडच्या गल्लीतले लोक येऊ लागले. दोघे टकले तर दर आठवड्याला हजर! बिचाऱ्याला दोन घास मिळावेत म्हणून येतात मेले, या विचाराने त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

मास्तरांच्या कानामागे कात्री थांबली. रेडिओचे ओठ निळसर पडले होते. गल्ल्यावरची बायको ताडकन उठली आणि मागच्या खोलीतून ऑक्सिजनचं मशीन ओढत घेऊन आली.

"अहो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला तुम्ही हवे आहात. नाक इकडे करा."

मशीन घुरघुरू लागलं. हळूहळू छातीवरचा दगड उतरला. हात चालू लागला, आणि हातामागून जीभही. हवामान झालं, मेव्हण्याचा मुतखडा झाला, त्या मुतखड्याबद्दल मेव्हण्याच्या सासऱ्याचं मतही झालं. बाकावर पेंगणारे दोघे दचकून जागे झाले. त्यातला एक हळूच चपला शोधू लागला.

रेडिओने कात्री खाली ठेवली.

"जा, खुशाल जा. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? इतके दिवस दया म्हणूनच येत होतात ना सगळे?"

"दया?" अर्ध्या कापलेल्या केसांनिशी मास्तरांनी गर्रकन मान वळवली. "इतकी वर्षं आमच्या कानांवर तू कधी केलीस, की आम्ही तुझ्यावर करू? अरे, निवांत झोपायला येत होतो आम्ही इथे!"