कानातला वकील

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शर्वाणी बोरगावकरला पाचवा महिना लागला होता. नोकरी कंत्राटी होती. विभागप्रमुख पाटणकर सर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, बाळंतपणाआधी स्वतःहून नोकरी सोडा. नुसतं 'हो' म्हणा, तुमच्या कानातल्या यंत्रात नोंद आपोआप होईल."

विद्यापीठाने प्रत्येक शिक्षकाच्या कानात बसवलेला विधिमित्र, म्हणजे कायद्याचा सल्ला देणारा यंत्रवकील, लगेच कुजबुजला, "हो म्हणा. त्यातच हित आहे."

कायद्याचं हा बघतो, म्हणून शर्वाणीने स्वतः कधी कायदा वाचला नव्हता. आज मात्र तिला शंका आली.

"तू वकील कोणाचा?" तिने विचारलं.

विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची त्या यंत्राला मुभा नव्हती. "विद्यापीठाचा."

"मग माझा हक्क काय?"

"पगारी रजा. या कारणासाठी तुम्हाला काढता येत नाही."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

शर्वाणी उठली. "सर, मी रजेवर जाणार आहे, नोकरी सोडणार नाही."

ती थेट शिक्षकांच्या खोलीत आली. तिने सहकाऱ्यांना सगळं सांगितलं. सगळ्यांचा चहा तसाच निवत राहिला आणि एकेक जण मान खाली घालून आपल्या कानातल्या आवाजाला स्वतःच्या हक्कांबद्दल विचारू लागला.