फाट्यावरचा फ्लेक्स

तुळशीरामच्या बांधावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या सकाळपासून सुकत पडल्या होत्या. मोताळ्याहून टेम्पो घेऊन नेमानं येणारा इसहाक बागवान आज फिरकलाच नव्हता. वैतागून तुळशीरामनं फोन लावला. "काऊन बे इसहाक, एवढा सांबार माह्या डोक्यावर वाळवू काय?" "भाऊ, राती तुमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. आमाले गावबंदी हाये." "कोण्या गाढवाच्या पोट्ट्यानं लावला? उपटून फेकतो, तू ये!" इसहाक घुटमळला. "खाली फोटो हायेत, भाऊ. एकडाव पाहून घ्या." तुळशीराम फणफणत फाट्यावर गेला. 'मुसलमान व्यापाऱ्यांना गावबंदी'. खाली हात जोडून हसणारी पोरं. मधोमध काळा गॉगल लावलेला त्याचाच पोरगा, प्रेम. संध्याकाळी प्रेम घरी आला, तेव्हा अंगणात तोच फ्लेक्स अंथरलेला होता आणि त्यावर पिवळ्या पडलेल्या कोथिंबिरीचा ढीग. "घे, गाढवाच्या पोट्ट्या," तुळशीराम म्हणाला, "आता तूच इक."