स्वेच्छानिवृत्ती

"अहो, निवृत्तीचा अर्ज दिलात का?" रत्नप्रभाने विचारलं. पाटबंधारे खात्यात शिपाई असलेल्या जालिंदरनेच ठरवलं होतं, वीस वर्षं भरली की पेन्शन घ्यायची आणि घरी बसायचं. वीस वर्षं भरून गेली, तरी रोज नवं कारण निघत होतं.

"आणखी थोडं थांबतो," तो म्हणाला आणि डबा न घेताच निघाला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. चार पायऱ्या चढताना धाप लागणारा माणूस नोकरी का सोडत नाही? तिकडे कुणी बाई तर नाही ना? दुपारी ती डबा घेऊन कचेरीत गेली. तो मागच्या ओट्यावर एकटाच बसला होता आणि हृदयाच्या गोळ्या पाकिटातून काढून गवतात टाकत होता.

"हे काय करताय?"

त्याने पाकीट खिशात सारलं. मग म्हणाला, "निवृत्त होऊन मेलो, तर तुला नुसती पेन्शन मिळेल. नोकरीत असताना गेलो, तर आपल्या केतकीला अनुकंपेवर नोकरी लागेल."

संध्याकाळी तिने लेकीला त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. केतकी ताटावरून उठली. "बाबा, तुम्ही असे गेलात तर मी त्या नोकरीला हात लावणार नाही. आता तुमचं तुम्ही ठरवा."

सोमवारी जालिंदरने अर्ज दिला. घरी आल्यावर बायकोसमोर गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला.

"तोंड उघडा," रत्नप्रभा म्हणाली.

त्याने मुकाट्याने उघडलं.

"जीभ वर करा."